‘म्हातारपण कुठे काढणार?’ हे विचारून फी घेणारा वकील

वकील म्हटलं की आपल्याकडे काळा कोट, कोर्टाचा कॉरिडॉर आणि पुढची तारीख एवढंच डोळ्यासमोर येतं, फार तर मोठ्या कंपन्यांचे सौदे करणारा एखादा सूटवाला. पण लंडनमध्ये वकिलांची एक जमात अशी आहे जी कोर्टात फारशी जातच नाही, कंपन्यांचंही काम करत नाही, आणि तरी त्यातले सीनियर लोक तासाला पाचशे पौंडांच्या वर फी लावतात. करतात काय, तर समोर बसलेल्या माणसाला विचारतात की मुलं किती (आधीच्या लग्नाची धरून), वडिलांचा जन्म कुठला, आई हयात आहे का, कुठल्या देशात काय काय घेऊन ठेवलंय, आणि म्हातारपण कुठे काढायचा विचार आहे.

या कामाला तिकडे प्रायव्हेट क्लायंट प्रॅक्टिस म्हणतात. म्हणजे विल, ट्रस्ट (एकाची मालमत्ता दुसऱ्याने कोणासाठी तरी सांभाळायची व्यवस्था), वारसा, त्यावरचा टॅक्स, लग्नाआधीचे करार, आणि माणूस विसरायला लागला तर त्याच्या वतीने सह्या कोण करणार ते. लिंकन्स इन फील्ड्स नावाचा एक चौक आहे लंडनमध्ये, तिथे आणि आसपास या कामाच्या जुन्या फर्म्स आहेत, फेरर अँड कंपनी तर १७०१ पासूनची, एलिझाबेथ राणीचे सॉलिसिटर हेच होते. क्लायंट एकाच देशातला असेल तर काम तसं सरळ असतं. मजा आणि डोकेदुखी सुरू होते ती जन्म एका देशात, घर दुसऱ्यात, पैसा तिसऱ्यात आणि मुलं चौथ्यात असली की. लॉ करणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींना हा रस्ता असतो हेच माहीत नसतं, कॉलेजात कॉर्पोरेट नाहीतर लिटिगेशन एवढंच ऐकू येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गैरसमज. हे लोक म्हणजे श्रीमंतांचा टॅक्स वाचवणारे, संपलं, असं बरेच जण म्हणतात. टॅक्स हा कामाचा मोठा भाग आहे हे खरंच आहे, खोटं कशाला बोला. पण माझं मत विचाराल तर तो सोपा भाग आहे, कारण नियम कुठेतरी लिहिलेले असतात. अवघड असतं ते या माणसाच्या मागे नेमका कुठल्या देशाचा कायदा लागलाय हे शोधणं, आणि त्याचं उत्तर बऱ्याचदा कागदात नसतं, माणसाच्या डोक्यात असतं.

उदाहरण घेऊ. एक काल्पनिक देशपांडे काका. वय ६८, मूळचे पुण्याचे, १९९६ ला लंडनला गेले, ब्रिटिश पासपोर्ट, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते). हॅरोला घर त्यांच्या एकट्याच्या नावावर, लंडनच्या बँकेत पैसे आणि शेअर्स, कोथरूडला फ्लॅट, वाईजवळ वडिलांकडून आलेली जमीन, आणि तेजीच्या काळात घेतलेला दुबईतला एक फ्लॅट. काकू मडगावच्या. मुलगी न्यू जर्सीत, अमेरिकन सिटिझन. मुलगा लंडनमध्येच. आणि काकांची आई, वय ९१, पुण्यात. काकांनी विल केलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, सगळं हिला आणि मग पोरांना, त्यात काय एवढं.

आता काका गेले असं धरू. इंग्लंडच्या कायद्यात, आणि आपल्याकडेही, मूळ नियम असा की जमीन-घर जिथे आहे तिथला कायदा त्याला लागतो, आणि बँक बॅलन्स, शेअर्स वगैरे हलती मालमत्ता माणसाच्या डोमिसाइलच्या, म्हणजे कायद्याच्या नजरेत त्याचं कायमचं घर ज्या देशात आहे तिथल्या, कायद्याने जाते. म्हणजे हॅरोच्या घराला इंग्लंडचा कायदा, त्यात बायकोला पहिले ३,२२,००० पौंड आणि उरलेल्यातलं अर्धं, बाकी मुलांना, आईला शून्य. कोथरूडच्या फ्लॅटला हिंदू वारसा कायदा १९५६, त्यात बायको, आई, मुलगा, मुलगी चौघांना सारखं. वाईची जमीन वडिलोपार्जित निघाली तर हिशोब आणखी वेगळा. आणि लंडनच्या बँकेतले पैसे? काकांचं डोमिसाइल भारताचं ठरलं तर त्यालाही हिंदू वारसा कायदा, म्हणजे पुण्यातल्या ९१ वर्षांच्या आजी लंडनच्या खात्यातल्या चौथ्या हिश्श्याच्या मालकीण. आजींची ना नाही, पण हे काकांच्या डोक्यात होतं का? आणि आजींच्या मागे तो हिस्सा फिरून काकांच्या भावंडांकडेही जाणार, ज्यांच्याशी बोलणं बंद असू शकतं!

म्हणजे गाडी येऊन अडते ती डोमिसाइलवर. हे आपलं ॲडमिशनसाठी तहसीलमधून काढतो ते सर्टिफिकेट नव्हे. इंग्लिश कायद्यात प्रत्येक माणूस जन्माला येताना डोमिसाइल घेऊनच येतो, साधारणपणे वडिलांचं, आणि ते सहज सुटत नाही. नुसतं दुसरीकडे राहून भागत नाही, तिथेच कायमचं राहायचं असं मनातून ठरलेलं असावं लागतं. यावरची जुनी केस वाचण्यासारखी आहे. जॉर्ज बोवी नावाचा ग्लासगोचा माणूस, सदतिसाव्या वर्षी काम सोडलं ते पुन्हा केलंच नाही, १८९२ मध्ये लिव्हरपूलला भावाकडे राहायला गेला आणि १९२७ ला मरेपर्यंत तिथेच राहिला, आईच्या अंत्यविधीलाही ग्लासगोला गेला नाही. मागे एक विल सापडलं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं, साक्षीदार नाहीत. स्कॉटलंडच्या कायद्याने असं विल चालायचं, इंग्लंडच्या नाही. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च कोर्ट) गेलं आणि १९३० मध्ये निकाल आला की पस्तीसेक वर्षं लिव्हरपूलमध्ये काढूनही गडी स्कॉटिशच, कारण तिथे तो नुसता राहत होता, तिथलं व्हायचं असं त्याने ठरवल्याचा पुरावा नाही. विल टिकलं, पैसे हॉस्पिटलांना गेले.

म्हणूनच वकील विचारतो, म्हातारपण कुठे काढणार. काका म्हणतात, "रिटायर झालो की पुण्यालाच येणार होतो, पण नातवंडं झाली ना." हे वाक्य वकील शब्दशः टिपून घेतो, तारीख घालून, कारण वीस वर्षांनी टॅक्स खात्याचा माणूस हाच कागद मागणार असतो.

टॅक्सवाल्यांना त्यात रस का, तर ब्रिटनमध्ये इन्हेरिटन्स टॅक्स आहे, ३,२५,००० पौंडांच्या वर ४० टक्के, आणि ही मर्यादा २००९ पासून हललेली नाही. घरासाठी थोडी जास्तीची सवलत मिळते, नवरा-बायकोत सहसा टॅक्स पडत नाही, पण लंडनमधलं एक साधं घर आणि थोडी बचत धरली की मध्यमवर्गीय कुटुंबसुद्धा यात येतं. पूर्वी यातही डोमिसाइलच मोजायचे. ६ एप्रिल २०२५ पासून ते बदललं, आता मागच्या २० वर्षांतली १० वर्षं ब्रिटनचे रहिवासी असाल तर जगभरची मालमत्ता टॅक्सखाली, कोथरूडचा फ्लॅट धरून.

इथे भारतीयांसाठी एक गंमत आहे. १९५६ मध्ये भारत आणि ब्रिटनने इस्टेट ड्यूटीवर, म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर लागणाऱ्या करावर, एक करार केला होता, एकाच मालमत्तेवर दोन्हीकडे कर नको म्हणून. आपण इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये काढून टाकली, करार मात्र कोणी रद्द केला नाही, तो आजही जिवंत आहे. त्याचा अर्थ थोडक्यात असा की मरताना माणसाचं डोमिसाइल भारतीय कायद्याने भारताचं असेल, तर ब्रिटनबाहेरची त्याची मालमत्ता ब्रिटिश टॅक्समधून सुटू शकते. एकीकडे कर नाहीच आणि दुसरीकडे करारामुळे नाही, असं घबाड क्वचित मिळतं. पण अटी आहेत. हे फक्त मृत्यूनंतर जाणाऱ्या मालमत्तेला, हयातीत दिलेल्या गिफ्टला नाही. आणि ती मालमत्ता ब्रिटनच्या कायद्याखालच्या विलने जाता कामा नये.

ही शेवटची अट लोकांना मारते. काका हाय स्ट्रीटवरच्या कुठल्याशा दुकानात जाऊन दीडशे पौंडात विल करून येतात, त्यात छापील वाक्य असतं की माझं डोमिसाइल इंग्लंडचं आहे, दुसरं छापील वाक्य की माझी जगभरची मालमत्ता या विलप्रमाणे जाईल, आणि तिसरं की याआधीची सगळी विलं मी रद्द करतो. तीन वाक्यांत कराराचा फायदाही गेला आणि पुण्याला वकिलाकडे बसून केलेलं विल असेल तर तेही गेलं. म्हणून चांगला प्रायव्हेट क्लायंट वकील सहसा दोन विलं करायला सांगतो, एक फक्त ब्रिटनपुरतं, एक फक्त भारतापुरतं, आणि दोन्हींत स्पष्ट लिहून घेतो की हे दुसऱ्याला रद्द करत नाही. (हे वाचून घरच्या घरी विल लिहायला बसू नका प्लीज. इंग्लंडमध्ये दोन साक्षीदार एकाच वेळी समोर लागतात, आणि साक्षीदार म्हणून बायकोची सही घेतलीत तर विल टिकेल पण तिला ठेवलेला वाटा जाईल, हा नियम १८३७ पासून आहे.)

मुलीचं प्रकरण वेगळंच. अमेरिका सिटिझनवर टॅक्स लावते, तो जगात कुठेही राहो. तिला वडिलांकडून वारशाने एका वर्षात १ लाख डॉलरच्या वर आले तर त्यावर टॅक्स नाही पण फॉर्म ३५२० भरावा लागतो, आणि नाही भरला तर दंड रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. टॅक्स शून्य आणि दंड पाव हिस्सा! त्यात काकांनी लंडनमध्ये मुलांसाठी ट्रस्ट केला असेल, जो इंग्लंडमध्ये अगदी शहाणपणाचा सल्ला असू शकतो, तर त्यात साठलेलं उत्पन्न मुलीच्या हातात येताना अमेरिका मागची वर्षं मोजून वर व्याज लावते. म्हणजे मुलाला बरा तो सल्ला मुलीला महागात.

दुबईचा फ्लॅट पटकन सांगतो. माणूस गेल्यावर तिथे कोर्टाची ऑर्डर आल्याशिवाय काही हलत नाही. बिगरमुस्लिम लोकांसाठी डीआयएफसी कोर्टात (दुबईच्या आर्थिक केंद्राचं वेगळं कोर्ट) विल रजिस्टर करायची सोय २०१५ पासून आहे, बरेच भारतीय ती वापरतात.

आणि काकू मडगावच्या म्हणालो ना. काकूंच्या वडिलांचं तिथे घर आहे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला वारसा कायदा चालतो, त्यात माणसाला साधारण अर्ध्याच मालमत्तेचं विल करता येतं, बाकी अर्धी मुलांची, मुलगा-मुलगी भेद नाही, आणि हा वाटा बापालाही सहजासहजी काढून घेता येत नाही. शिवाय सप्टेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गोव्यात डोमिसाइल असलेल्या माणसाची गोव्याबाहेर भारतात असलेली मालमत्ताही याच कायद्याने जाईल, प्रकरण मुंबईतल्या मालमत्तेवरून होतं. फ्रान्सचा कायदाही याच घरातला, मुलांचा वाटा राखून ठेवणारा, त्यामुळे फ्रान्समध्ये बंगला घेणाऱ्या इंग्रजाला जे आश्चर्य वाटतं ते मडगावच्या माणसाला वाटणार नाही. ‘माझे पैसे, मी हवे त्याला देईन’ ही इंग्लिश कायद्याची सवय आहे, जगाचा नियम नाही.

एवढे सगळे देश एका वकिलाला येतात का? नाही, आणि येत असल्याचा आव आणणारा वकील धोकादायक. लंडनच्या सॉलिसिटरला भारतीय किंवा अमेरिकन कायद्यावर सल्ला देता येत नाही, तो तिथल्या वकिलांना गाठतो, त्यांना नेमके प्रश्न लिहून पाठवतो, आलेली उत्तरं एकमेकांना छेद देतात का ते बघतो आणि क्लायंटला समजेल अशा दोन पानांत आणतो. मला विचाराल तर या कामाची खरी अक्कल त्या प्रश्नपत्रिकेत असते.

दुसरी अक्कल माणसं हाताळण्याची. म्हातारे वडील विल करायला येतात तेव्हा बरोबर मुलगा असतोच, त्यानेच अपॉइंटमेंट घेतलेली, गाडी त्यानेच चालवलेली, आणि वकील पहिली गोष्ट काय करतो तर मुलाला बाहेर बसायला सांगतो. आपल्या लोकांना याचा केवढा राग येतो! पण उद्या बहिणीने कोर्टात म्हटलं की दादाने दबाव टाकला, तर वकिलाची नोंद कामाला येते की वडील एकटे होते, काय म्हणाले, स्वतःहून म्हणाले. बुद्धी शाबूत आहे का हे अजूनही १८७० च्या बँक्स विरुद्ध गुडफेलो या केसच्या कसोटीवर बघतात, म्हणजे विल म्हणजे काय हे कळतंय का, आपल्याकडे साधारण काय आहे, आपल्यावर कोणाचा हक्क पोचतो, आणि एखाद्या भ्रमामुळे निर्णय वाकडा होत नाहीये ना. वय झालेलं असेल तर डॉक्टरकडून तपासून घ्यावं हा रिवाज आहे.

हे नीट न झाल्यावर काय होतं त्यासाठी हिंदुजांचं बघा. २०१४ मध्ये चारही भावांनी एका पत्रावर सह्या केल्या, साधारण आशय असा की एकाच्या नावावर असलेलं सगळ्यांचंच आहे. पुढे थोरले श्रीचंद यांना डिमेन्शिया झाला, त्यांच्या बाजूने म्हणणं आलं की त्या पत्राला कायद्याने काही अर्थ नाही, आणि प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं. २०२२ मध्ये समेट झाला, २०२३ मध्ये श्रीचंद गेले. एकत्र कुटुंबाची भावना एका पत्रात लिहायची आणि जिनिव्हाची हिंदुजा बँक एकाच्या नावावर ठेवायची, हे दोन्ही एकत्र नांदणं कठीणच.

आपल्याकडेही लोक नॉमिनी लावला म्हणजे झालं असं धरून चालतात. कालनिर्णयचे जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकीवरून झालेल्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ ला सांगितलं की शेअर्सचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसा विल किंवा वारसा कायद्यानेच ठरणार.

आता जरा नकोसा भाग. क्लायंट श्रीमंत असतो तेव्हा पैसा आला कुठून हे विचारावंच लागतं, नुसता पासपोर्ट बघून चालत नाही, धंदा कधी विकला, कागद दाखवा, सरकारी पदावर कोणी नात्यात आहे का. आणि शंका आली तर वकिलाने नॅशनल क्राइम एजन्सीला कळवायचं असतं, पण कळवलंय हे क्लायंटला सांगितलं तर तो वकिलाचाच गुन्हा. म्हणजे हसून चहा प्यायचा आणि गप्प राहायचं. काही वकिलांना हे झेपत नाही. आणि काही जण मुद्दाम विचारतच नाहीत, त्यांच्यामुळे या धंद्याचं नाव खराब आहे आणि ते उगाच झालेलं नाही.

२०२५ च्या बदलाने कामही हललं. ब्रिटनची नॉन-डॉम सवलत, म्हणजे परदेशातलं उत्पन्न ब्रिटनमध्ये आणलं नाही तर टॅक्स नाही, ही पार १७९९ पासूनची. ती गेली, आता नव्याने येणाऱ्याला फक्त पहिली चार वर्षं सूट. त्यामुळे आधी ‘लंडनला कसं यायचं’ विचारणारे आता ‘लंडनहून कसं निघायचं’ विचारतात, कोणी दुबईला, कोणी मिलानला, कारण इटलीने २०१७ ला अशा लोकांसाठी परदेशी उत्पन्नावर वर्षाला सरसकट १ लाख युरोची योजना काढली होती, नंतर ती रक्कम वाढवली तरी लोक जाताहेत. आणि निघाल्यावरही इन्हेरिटन्स टॅक्सच्या त्या दहा वर्षांच्या नियमाची शेपटी राहते, तीन ते दहा वर्षं, किती काळ राहिलात त्यावर. वकिलाला काम दोन्हीकडून.

यात शिरायचं कसं? इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायला २०२१ पासून एसक्यूई परीक्षा आहे. पहिल्या भागात ३६० एमसीक्यू, त्यात विल आणि ट्रस्ट येतातच, दुसऱ्या भागात प्रत्यक्ष कामाच्या १६ चाचण्या, फी दोन्ही मिळून साडेचार हजार पौंडांच्या वर, क्लासचे पैसे वेगळे. शिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव. भारतात सनद घेतलेल्या वकिलाला ही परीक्षा देता येते आणि त्या दोन वर्षांच्या अटीतून सूट मिळते. पण परीक्षा पास होणं आणि नोकरी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी, व्हिसा स्पॉन्सर करणारी फर्म शोधणं हा मोठा डोंगर आहे, एजंट लोक हे सांगत नाहीत. नंतर स्टेप या १९९१ पासूनच्या संस्थेचा डिप्लोमा करतात, या क्षेत्रात त्याला मान आहे, आणि तो भारतात बसूनही करता येतो. पगार? लंडनमधल्या अमेरिकन फर्म्स कॉर्पोरेटच्या नव्या सॉलिसिटरला दीड लाख पौंडांच्या वर देतात, प्रायव्हेट क्लायंटमध्ये आकडा त्याच्या बराच खाली असतो. बदल्यात रात्री घरी जाता येतं, बहुतेक वेळा. दर सहा मिनिटांचा हिशोब मात्र इथेही लिहावाच लागतो, फोनवर क्लायंट रडत असला तरी.

आपल्याकडून या कामात कोणी गेलंच नाही असं नाही. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या, डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकणाऱ्या पहिल्या बाई, आणि नंतर बंगालमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं केलं काय, तर पडद्याआडच्या विधवा जमीनदारणींच्या इस्टेटी, वारसे, दत्तक, पोटगी. आजच्या भाषेत प्रायव्हेट क्लायंटच.

आणि लंडनला जायलाच हवं असंही नाही. देशपांडे काकांच्या फाइलीत लंडनच्या सॉलिसिटरला पुण्यात कोणीतरी लागतंच, जो सातबारा काढून वाचेल, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर आहे बघेल, तलाठ्याकडे वारस नोंद लावेल, न्यू जर्सीच्या मुलीला सांगेल की ओसीआय असल्याने शेतजमीन वारशाने मिळेल पण विकत घेता येणार नाही, आणि विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीयालाच, आणि विकल्यावर एनआरओ खात्यातून (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं रुपयांचं खातं) वर्षाला १० लाख डॉलरपर्यंतच बाहेर नेता येतील. हे सगळं नीट इंग्रजीत, वेळेत, ईमेलने कळवणारे वकील महाराष्ट्रात हवे तेवढे नाहीत. तिकडच्या फर्म्स एकदा असा माणूस सापडला की पुढची फाइलही त्यालाच पाठवतात.